'नाही' आणि 'माहीत नाही': ब्लॉकचेन ॲपसाठी एपीआय सेवा निवडताना

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात 2022 मध्ये सुमारे 65,000 जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या नोंदींच्या साखळीच्या, आधाराने देण्याचा उपक्रम जाहीर झाला. अशा पद्धतीत दाखल्यावर क्यूआर कोड असतो आणि दाखल्यातल्या मजकुराचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, ब्लॉकचेनवर नोंदवलेला असतो. मजकुरातलं एक अक्षर जरी कोणी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि खाडाखोड उघडी पडते. दाखला खरा की खोटा हे विचारायला तहसीलला पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसायला नको.

आता असं दाखले तपासणारं ॲप तुम्हाला बनवायचं आहे असं धरा. नागपूरच्या एखाद्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसलेला कारकून मोबाइलने कोड स्कॅन करतो. पॉलिगॉनची साखळी काही त्या मोबाइलमध्ये नसते. ती असते जगभर पसरलेल्या 'नोड' नावाच्या संगणकांवर, आणि एकेका नोडवरचा डेटा टेराबाइटमध्ये मोजावा लागतो. मग मोबाइल विचारतो कोणाला? बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या नोडला, इंटरनेटवरून. इन्फुरा, अल्केमी, क्विकनोड, चेनस्टॅक, अँकर ही या धंद्यातली सतत कानावर पडणारी नावं. या कंपन्या नोड चालवतात, तुम्हाला एक वेब-पत्ता आणि एक 'की', म्हणजे ओळख पटवणारा गुप्त संकेत, देतात. तुमचं ॲप त्या पत्त्यावर प्रश्न पाठवतं आणि उत्तर घेतं. हीच ब्लॉकचेनची एपीआय सेवा.

सातबारा सरकारच्या नोंदीत असतो, पण आपल्या हाती येतो तो सेतू केंद्रातल्या माणसाने काढून दिलेला कागद. इथेही तसंच आहे. नोंद साखळीत पक्की, कोणालाही न बदलता येणारी. पण ती वाचून दाखवणारा मधला माणूस आहेच. 'कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही' असं म्हणत ब्लॉकचेन आली, आणि बहुतेक ॲप तिच्यापर्यंत एका कंपनीच्या भरवशावर पोचतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सोय हवीच. फक्त कुठे भरवसा टाकलाय हे डोळे उघडे ठेवून ठरवायला हवं.

बहुतेक जण सेवा निवडताना तीन गोष्टी बघतात: दर, वेग आणि किती ब्लॉकचेन चालतात. मला वाटतं त्याआधी एक चौथी गोष्ट बघावी. सेवेला उत्तर माहीत नसतं तेव्हा ती काय करते? 'मला माहीत नाही' म्हणते, की बेधडक 'नाही' म्हणून मोकळी होते? दाखल्याच्या ॲपमध्ये या फरकावर एखाद्या मुलीचा प्रवेश अवलंबून असतो.

सेवेच्या हातात काय असतं

आधी एक भीती दूर करू. एपीआय सेवा तुमचे पैसे चोरू शकत नाही. व्यवहारावर सही होते ती तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो पाकिटाच्या ॲपमध्ये, फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त प्रायव्हेट कीने. सेवेकडे जातो तो सही झालेला व्यवहार. त्यात रक्कम किंवा पत्ता बदलला तर सही जुळणार नाही आणि साखळी तो व्यवहार फेटाळून लावेल. (एखादी सेवा तुमची प्रायव्हेट कीच सांभाळायला मागत असेल तर तो वेगळाच धंदा आहे. त्याचा विचार वेगळा करावा लागतो.)

मग सेवेच्या हातात काय उरतं? ती व्यवहार पुढे पाठवायला उशीर करू शकते किंवा पाठवतच नाही. कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून कोणत्या वॉलेटची चौकशी झाली हे तिला दिसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाचलेली माहिती ती चुकीची किंवा शिळी सांगू शकते. लिहिताना सहीचं कवच असतं, साध्या वाचनाला तसं काहीच नसतं. दाखला तपासणं म्हणजे तर शंभर टक्के वाचनच.

चुकीचं उत्तर द्यायला कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. सेवेच्या एका पत्त्यामागे अनेक नोड असतात आणि तुमचा प्रत्येक प्रश्न त्यातल्या ज्या मोकळ्या असतील त्या नोडकडे जातो. समजा आत्ताच एक दाखला नोंदवला गेला. पहिल्या नोडपर्यंत ती नोंद असलेला ब्लॉक, म्हणजे साखळीतला नोंदींचा गठ्ठा, पोचलाय, दुसरा नोड काही ब्लॉक मागे आहे. तुमचा प्रश्न गेला दुसऱ्याकडे. त्याच्या लेखी असा दाखलाच नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे 'नोंद नाही' असं कळवतो. तांत्रिक भाषेत हे यशस्वी उत्तर आहे. कुठे लाल अक्षरं नाहीत, कुठे चूक झाल्याचा संदेश नाही. ॲपमधल्या घाईच्या कोडने त्याचं भाषांतर 'बनावट दाखला' असं केलं की झालं!

यावर उपाय आहे, आणि तो सेवा निवडतानाच तपासता येतो. 'आत्ताची स्थिती सांग' असं मोघम न विचारता 'अमुक ब्लॉकपर्यंतची स्थिती सांग' असं विचारायचं. ब्लॉक त्याच्या हॅशवरून सांगायची सोय इथेरियमच्या, म्हणजे पॉलिगॉन ज्या घराण्यातली आहे त्या मूळ ब्लॉकचेनच्या, प्रस्तावांमध्ये आहे. कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामची, स्थिती वाचण्यासाठी ईआयपी-1898 आणि लॉग, म्हणजे कॉन्ट्रॅक्टने नोंदवलेल्या घटना, वाचण्यासाठी ईआयपी-234. असं विचारल्यावर नोडकडे तो ब्लॉक नसेल तर त्याला 'माझ्याकडे हा ब्लॉक नाही' असंच कळवावं लागतं. म्हणजे 'माहीत नाही' हे 'माहीत नाही' म्हणूनच पोचतं. तुमची सेवा हे नीट पाळते का, हे एखाद्या काल्पनिक ब्लॉक-हॅशने दहा मिनिटांत तपासून होतं. तिने चूक कळवण्याऐवजी रिकामं उत्तर दिलं तर मी तरी ती सेवा घेणार नाही.

दुसरी बाजू साखळी मागे फिरण्याची. ताजे ब्लॉक कधीकधी रद्द होऊन त्यांच्या जागी दुसरे येतात, त्याला रीऑर्ग म्हणतात. फेब्रुवारी 2023 मध्ये पॉलिगॉनवर तब्बल 157 ब्लॉकचा रीऑर्ग झाला होता. तिथे ब्लॉक साधारण दोन सेकंदांना एक पडतो, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक काळातल्या नोंदींची उलथापालथ झाली. म्हणून 'सर्वांत ताजा' ब्लॉक आणि 'आता बदलणार नाही असा' ब्लॉक यांत फरक करता यायला हवा. एपीआयमध्ये त्यासाठी लेटेस्ट, सेफ आणि फायनलाइज्ड असे शब्द आहेत. तुमच्या साखळीसाठी फायनलाइज्ड चालतं का, हे सेवेच्या माहितीपत्रकात शोधा आणि प्रत्यक्ष विचारूनही बघा. इथेरियमवर ब्लॉक कायम व्हायला साधारण 13 मिनिटं लागतात. दाखला काढल्यावर तेवढं थांबून मगच तो अर्जदाराच्या हाती दिला तर काही बिघडत नाही.

साखळी चालू, दुकान बंद

11 नोव्हेंबर 2020. इथेरियमवरच्या असंख्य ॲपनी अचानक मान टाकली. बायनान्ससारख्या क्रिप्टो चलनांच्या बाजारांनी इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, काढून घेणं काही काळ थांबवलं. पण इथेरियम बंद पडलंच नव्हतं. गेथ या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष होता, नव्या आवृत्तीत तो दुरुस्तही झाला होता, पण इन्फुराचे नोड जुन्या आवृत्तीवर चालत होते. त्या दोषाला नेमका धक्का देणारा व्यवहार आला आणि जुने नोड मुख्य साखळीपासून फुटून वेगळ्या वाटेला लागले. मेटामास्क वॉलेट मुळातच इन्फुराच्या पत्त्यावर बोलतं, त्यामुळे सामान्य वापरकर्त्यांना वाटलं की इथेरियमच बंद पडलं.

यातून सेवेला विचारायचा एक थेट प्रश्न मिळतो: तुम्ही कोणतं नोड-सॉफ्टवेअर चालवता, आणि एकच की अनेक? गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ असे पर्याय इथेरियमवर आहेत. दोन वेगळी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सेवेला दोघांची उत्तरं जुळत नाहीत हे लगेच कळू शकतं.

20 ऑक्टोबर 2025 रोजी ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या व्हर्जिनिया विभागात बिघाड झाला, तेव्हा इन्फुराच्या सेवेलाही फटका बसला आणि कित्येकांना वॉलेटमध्ये शिल्लक शून्य दिसू लागली. पैसे जागच्या जागी होते, वाचणारा आंधळा झाला होता. पडद्यावर 'शिल्लक कळत नाही' असं येण्याऐवजी शून्य आलं. पुन्हा तोच घोळ. म्हणून दोन सेवा घेतल्या की काम झालं असं समजू नका. दोघींचे सर्व्हर एकाच क्लाउडच्या एकाच विभागात असतील तर वेळ आल्यावर दोघी एकदमच झोपतील. कुठून चालता, हे विचारायचा संकोच करू नका.

बिघाडाखेरीज कायद्याचाही हात असतो. मार्च 2022 मध्ये अमेरिकी निर्बंधांनुसार मांडणी बदलताना इन्फुराकडून गरजेपेक्षा मोठा भाग बंद झाला आणि व्हेनेझुएलातल्या लोकांचं मेटामास्क चालेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने टोर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध घातल्यावर इन्फुरा आणि अल्केमी दोघींनी त्या कॉन्ट्रॅक्टकडे जाणारे प्रश्न अडवले. आपण भारतात बसून साधं दाखल्याचं ॲप चालवतो, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण सेवा ज्या देशात नोंदलेली आहे त्या देशाचा कायदा तुमच्या ॲपपर्यंत पोचतो, आणि सरकारी कागदपत्रांच्या कामात तर हे आधीच लिहून ठेवावं.

गोपनीयतेचंही तसंच. नोव्हेंबर 2022 मध्ये इन्फुराची मालक कंपनी कॉन्सेन्सिसने धोरणात स्पष्ट केलं की मेटामास्कमधून इन्फुरामार्फत व्यवहार पाठवला तर वॉलेटचा पत्ता आणि इंटरनेटचा पत्ता दोन्ही गोळा होतात. बरीच ओरड झाल्यावर ही माहिती सात दिवसांपुरतीच ठेवू असं त्यांनी जाहीर केलं. आपल्या ॲपमध्ये मोबाइलने थेट सेवेला विचारू नये. आधी आपल्या सर्व्हरला विचारावं, आणि सर्व्हरने सेवेला. म्हणजे कोणत्या कॉलेजातून दाखला तपासला गेला, याचा माग परक्या कंपनीकडे उरत नाही. शिवाय तुमची की मोबाइल ॲपच्या पोटात ठेवावी लागत नाही. तिथून ती काढणं कोणत्याही जाणत्याला सोपं असतं, आणि मग तुमच्या कोट्यावर दुसराच कोणी चरतो.

दराचं गणित

दर समजून घेणं मुद्दाम अवघड केलंय की काय, अशी शंका यावी इतकं ते किचकट आहे. अल्केमी कंप्युट युनिट मोजते, क्विकनोड एपीआय क्रेडिट मोजते, इन्फुराही क्रेडिटमध्येच बोलते, पण एकीचं क्रेडिट म्हणजे दुसरीचं क्रेडिट नव्हे. 'नवा ब्लॉक कोणता' हा प्रश्न स्वस्त, लॉग शोधणं महाग, जुन्या व्यवहाराचा टप्प्याटप्प्याने माग काढणं त्याहून महाग. त्यामुळे महिन्याला इतके कोटी युनिट मोफत, या आकड्याला तुमचे प्रश्न कोणते हे ठरवल्याशिवाय काहीच अर्थ नाही.

आपलं ॲप घ्या. 65,000 दाखले, प्रत्येक वर्षाला दहादा तपासला गेला असं धरलं तर वर्षाला साडेसहा लाख वाचनं, म्हणजे दिवसाला 1,800 सुद्धा नाहीत. इतकं काम मोफत योजनेत सहज बसतं. पण प्रवेश वर्षभर सारखे नसतात. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सगळ्या खिडक्यांवर एकदम झुंबड उडते आणि तेव्हा महिन्याचा कोटा नाही, सेकंदाची मर्यादा आडवी येते. ती ओलांडली की सेवा 429 या क्रमांकाची चूक पाठवते, अर्थ: जरा दमानं. तुमच्या ॲपने तेव्हा क्षणभर थांबून पुन्हा विचारायचं, आणि तरीही जमलं नाही तर पडद्यावर 'तपासणी होऊ शकली नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं पिवळ्या पट्टीत दाखवायचं. लाल पट्टी फक्त ठसा खरोखर जुळला नाही तेव्हाच.

आता याच्या उलट टोकाचं ॲप बघा. एखाद्याने पडदा ताजा ठेवायला दर सेकंदाला नवा ब्लॉक विचारायचं ठरवलं. एक उघडा पडदा दिवसाला 86,400 प्रश्न विचारतो. हजार पडदे म्हणजे 8 कोटी 64 लाख. पॉलिगॉनवर ब्लॉकच दोन सेकंदांनी पडत असल्यामुळे त्यातले निम्मे प्रश्न निव्वळ वाया. वेबसॉकेटवर, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवर, 'नवा ब्लॉक आला की कळव' असं सांगून ठेवलं तर हे टळतं. सेवेकडे वेबसॉकेट आहे का आणि जोडणी तुटल्यावर मधले सुटलेले ब्लॉक तुम्ही परत मागता का, दोन्ही बघा.

लॉगची गोष्ट तर खास लक्षात ठेवण्यासारखी. आत्तापर्यंत नोंदलेल्या सगळ्या दाखल्यांची यादी हवी असेल तर लॉग चाळावे लागतात. काही सेवा मोफत योजनेत एका वेळी जेमतेम दहा ब्लॉकचेच लॉग देतात. पॉलिगॉनवर दिवसाला सुमारे 43,200 ब्लॉक पडतात. म्हणजे एका दिवसाचे लॉग वाचायला 4,320 प्रश्न, एका वर्षासाठी पंधरा लाखांहून अधिक! यादी वारंवार लागणार असेल तर ती एकदा वाचून आपल्या डेटाबेसमध्ये ठेवायची आणि पुढे फक्त नवे ब्लॉक जोडत जायचे.

जुन्या काळातली स्थिती, उदाहरणार्थ दोन वर्षांपूर्वी अमुक दिवशी दाखला वैध होता का, हे कॉन्ट्रॅक्टला विचारायचं असेल तर साधा नोड पुरत नाही, सगळी जुनी स्थिती जपणारा ॲर्काइव्ह नोड लागतो. काही योजनांत तो असतो, काहींत वेगळे पैसे पडतात.

भारतातून पैसे भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप होणारी वसुली मँडेट, म्हणजे आगाऊ परवानगी, नोंदवल्याशिवाय होत नाही, आणि 15,000 रुपयांवरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. परदेशी कंपनीची डॉलरमधली मासिक वर्गणी इथेच अडकते. वर्गणी अडकली की सेवा बंद. वर्षाचे पैसे एकदम भरता येतात का किंवा बिलावर बँकेतून पाठवता येतात का, हे आधी विचारून ठेवा.

सोडून जाता आलं पाहिजे

इथेरियमच्या घराण्यातल्या साखळ्यांची मूळ प्रश्नोत्तरं, म्हणजे जेसन-आरपीसी, सगळीकडे सारखीच असतात. तेवढंच वापरलं तर सेवा बदलणं म्हणजे सेटिंगमधला पत्ता बदलणं. पण प्रत्येक सेवा स्वतःच्या खास सोयीही देते. एका प्रश्नात सगळे टोकन, एका प्रश्नात सगळा जुना व्यवहार-इतिहास. या सोयी खरंच उपयोगी आहेत, माझा त्यांना विरोध नाही. फक्त त्या कोडमध्ये एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा, सगळीकडे पसरू देऊ नका. ब्लॉकचेनवरची माहिती शोधून देणाऱ्या द ग्राफची मोफत होस्टेड सेवा 2024 मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्यांना नव्या जागी जावंच लागलं.

टेस्टनेट, म्हणजे सरावासाठीची चाचणी साखळी, तीही कायमची नसते. पॉलिगॉनचं जुनं नाव मॅटिक, 2017 मध्ये भारतात सुरू झालेला प्रकल्प. त्यांच्या टेस्टनेटचं नाव होतं मुंबई. एप्रिल 2024 मध्ये मुंबई बंद झालं आणि त्याच्या जागी अमोय आलं. चेन-क्रमांक 80001 चा 80002 झाला. ॲप सुरू होताना सेवेला चेन-क्रमांक विचारून तो अपेक्षित आकड्याशी ताडून बघायची सवय चांगली. पॉलिगॉनच्या मेननेटचा, म्हणजे खऱ्या साखळीचा, क्रमांक 137. टेस्टनेटचा पत्ता चुकून खऱ्या ॲपमध्ये राहिला तर तिथल्या तिथे कळतं.

दोन सेवा एकदम जोडायची सोय ईथर्स आणि व्हिएम या लायब्ररींत, म्हणजे तयार कोडच्या संचांत, मिळते. व्हिएममध्ये एक पडली की दुसरीकडे जाता येतं. ईथर्समध्ये दोघींची उत्तरं जुळली तरच स्वीकारायचं असंही ठरवता येतं. दाखल्याच्या ॲपला मी दुसरी पद्धत लावेन. उत्तरं जुळली नाहीत तर पडद्यावर पिवळी पट्टी. आणखी पुढे जायचं असेल तर इथेरियमसाठी हेलिऑससारखे हलके क्लायंट आहेत. ते सेवेचं उत्तर गणिती पुराव्यानिशी तपासून मगच पुढे देतात.

स्वतःचा नोड चालवावा का? इथेरियमच्या पूर्ण नोडला 2 टेराबाइटची वेगवान डिस्क लागते, पॉलिगॉनला त्याहून जास्त, आणि तिथे बोर आणि हाइमडाल अशी दोन सॉफ्टवेअर सांभाळावी लागतात. शिवाय अपडेट वेळेवर घालणारं माणूस हवं. 2020 ची गोष्ट कंपनीच्या बाबतीत घडली तशी तुमच्याही घरी घडू शकते. दोन-तीन जणांच्या चमूने सुरुवातीला या भानगडीत पडू नये. पण हजारो लोकांची कागदपत्रं ज्या संस्थेच्या शब्दावर तपासली जातात तिने एक नोड स्वतःचा ठेवावा आणि बाहेरच्या सेवेला जोडीला घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटी निवड जाहिरात बघून करू नका. दोन-तीन सेवांच्या मोफत की घ्या आणि आठवडाभर एक छोटा प्रोग्राम चालवा, तोही जिथून खरं ॲप चालणार आहे त्याच जागेवरून. दर मिनिटाला तिघींना नवा ब्लॉक विचारा, कोण किती मागे आहे ते लिहा. उत्तराला लागलेल्या वेळेची सरासरी काढून समाधान मानू नका, दर शंभर उत्तरांतलं सर्वांत हळू उत्तर बघा. रात्री आणि शनिवार-रविवारीही चालू ठेवा. खोट्या ब्लॉक-हॅशचा प्रश्न मध्येमध्ये टाका. आणि तिघींच्या मदत विभागाला एकच पत्र पाठवा: तुमचे नोड कुठे आहेत, कोणत्या सॉफ्टवेअरवर आहेत, मागच्या वर्षी सेवा कधी आणि का बंद पडली होती. किती दिवसांत उत्तर आलं आणि त्यात तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती का, हेही त्याच तक्त्यात नोंदवा.